देव्हाऱ्यावरचा पाय

अप्पा, इंटरनेटवरचा तो सुतारकामाचा फोरम बंद होतोय. तोच, ज्याच्यावर मी देव्हाऱ्याचा फोटो टाकला होता, आणि ज्या फोटोपायी तुम्ही देव उचलून पाटावर मांडलेत आणि माझ्या हातचा देव्हारा मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवलात. चालवणाऱ्यानं कळवलंय की महिनाअखेरीस सगळं पुसलं जाईल, ज्याला आपलं काही जपायचं असेल त्यानं आत्ताच काढून घ्यावं. मी लगेच फोटो शोधायला बसले. माझा मजकूर होता, त्याच्याखाली लोकांची उत्तरं होती, आणि फोटोच्या जागी एक राखाडी चौकोन. फोटो कधीचाच गेलाय, कोण जाणे कधी. मग सहज म्हणून त्याच्याही आधीच्या न्यूजग्रुपात डोकावले. तुम्हाला आठवत असेल, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, चित्र नावालाही नाही. तो तर मेला असंच सगळे धरून चालले होते. तिथलं माझं एकेक वाक्य जागच्या जागी आहे. तुम्ही असता तर गादीवरून मान न उचलता म्हणाला असतात, "बघ, म्हनलं न्हवतं? ल्हेलेलं ऱ्हातंय, तसबीर उडून जाती." तर ते म्हणू नका. तुमचं खरं होतं हे सांगायला मी लिहायला बसलेली नाही.

मला वखार आठवते. सिरसाळ्याच्या रस्त्याला लागून ती पत्र्याची लांबच लांब शेड, आत सागवानाच्या फळ्या उभ्या, बाभळीचे ओंडके आडवे, मागे आरा मशीन, आणि दारातच तुमची गादी. सकाळी भस्म लावून तुम्ही त्या गादीवर बसलात की दुपारच्या जेवणापर्यंत उठणं नाही. गिऱ्हाईक आलं की बसल्या जागेवरून फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान द्यायचा आणि म्हणायचं, "ही न्हाई, तिच्या मागची घ्या." ओट्यावर मिस्त्री दारं-चौकटी करत बसायचे. खाली मांडी घालून, एक पाय लांब करून, फळी तळपायाखाली दाबून, अंगठ्यानं कडा धरून त्यांचा रंधा चालायचा. मला त्या रंध्याचं वेड लागलं. सुट्टीत घरी आले की मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसायची आणि पान काही उलटायची नाही. मिस्त्रींनी एके दिवशी रंधा माझ्याकडे सरकवला. मी त्यांच्यासारखीच बसले, साडी नव्हती म्हणून बरं, पंजाबी ड्रेस होता, आणि पहिली साल निघाली ती पातळ, लांब, सबंध निघाली. मी इतकी हरखले की आरडाओरडा केला. तुम्ही गादीवरून उठलात. जेवणाच्या आधी उठलात म्हणजे केवढी मोठी गोष्ट!

"काय करायलीस?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, छंद. "छंद म्हंजी लोकर, छंद म्हंजी रांगोळी. रंधा ह्यो छंद असतो व्हय? आपन लाकूड विकायचं, घडवायचं न्हाई. इज्जत हाय का न्हाई काही?" मी कॉलेजात शिकत होते, तोंडाला लगाम नव्हता. मी म्हणाले, "फळी विकताना इज्जत जात नाही आणि तिला गुळगुळीत करताना कशी जाते?" तुम्ही मिस्त्रींकडे बघितलंत, मिस्त्री पटाशीची धार बघत बसले. त्या संध्याकाळी घरात लई भांडण झालं. शेवटी आईनं तोडगा काढला, आणि आईचे तोडगे असेच असायचे: "करू द्या की तिला. मागं आडोशाला करंल. कुनाच्या डोळ्यावर येतंय?" तुम्ही हुंकार भरलात. म्हणजे झालं, मला मागची शेड मिळाली, दोन्ही अंगांना फळ्यांच्या थप्प्या, पुढे गोणपाटाचा पडदा. अट एकच, दिसायचं नाही. मी खुशीत होते. अट किती मोठी आहे हे तेव्हा कळलं नाही.

त्या दिवसांत सगळंच नवं नवं येत होतं. गावात टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, रस्त्यावर पिवळ्या पाटीचे फोन बूथ आले, परळीच्या दुकानांत परदेशी कंपन्यांचे साबण दिसायला लागले. आणि दादानं पुण्याहून वखारीच्या कामासाठी कॉम्प्युटर आणला. तुम्ही त्याला हळदकुंकू वाहिलंत आणि वरून टॉवेल टाकून ठेवलात. त्याला फोनच्या तारेतून इंटरनेटशी जोडून देणारं एक खातं दादानं घेऊन दिलं होतं, विद्यार्थ्यांसाठीचं, साधं, चित्रं न दाखवणारं. दुपारी वखार जेवायला बंद झाली की फोन मोकळा असायचा. मग मी टॉवेल काढायची, यंत्र कुईकुई करायचं, निम्म्या वेळा लाईन कटायची, निम्म्या वेळा वीजच जायची. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आपल्या गच्चीवरून दिसायच्या आणि घरात अंधार, यावर तुमच्या शिव्या ठरलेल्या होत्या. पण लागलं की मी थेट न्यूजग्रुपात. हौसेनं सुतारकाम करणारी माणसं, कुठं कुठं पसरलेली, कुणी कॅनडात, कुणी ऑस्ट्रेलियात, कुणी निवृत्त मास्तर, कुणी दाताचा डॉक्टर. एकानं प्रश्न लिहायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरं लिहायची. चित्र नसल्यामुळं जे काही सांगायचं ते शब्दांत. सांधा दाखवायचा झाला तर तिरप्या आणि उभ्या रेघा टाईप करून त्याचं नक्षीकाम करायचं. "धार आली" एवढ्यावर तिथं कुणी सोडायचं नाही. कशी आली, कोणत्या दगडावर, हाताचा कोन काय, पाणी की तेल, सगळं खोदून विचारायचे. मी तिथं जे सांगायला शिकले ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तुम्ही! तुम्ही गादीवर आडवे, टोपी तोंडावर, झोपल्याचं सोंग. मी वाचून मराठीत सांगत जायची, मोठ्यानं, मुद्दाम. पहिले काही दिवस तुम्ही घोरलात. मग एका दुपारी मी कुणाच्या तरी तडकलेल्या फळीचं वाचत होते, तर टोपीखालून आवाज आला, "त्याला म्हनावं, ओलं लाकूड कापलंच कावून? आधी सावलीत उभं कर, मग बोल." मी ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचे आभार आले. त्यानंतर टोपी तोंडावर राहिली नाही. तुम्ही पार कॅनडावाल्याशी वाद घालायला लागलात, मी मध्ये दुभाषी. "हा शहाना हाय," "ह्याला काही कळत न्हाई, बे," अशी तुमची सगळ्यांना प्रमाणपत्रं ठरलेली. तिथं मी नावाच्या जागी दोन अक्षरं टाकायची. तुम्हाला ते फार पसंत पडलं. तुम्ही म्हणालात, "हे बरं हाय. तोंड दिसत न्हाई, जात पुसत न्हाई, बाई का बुवा मालूम होत न्हाई. नुसतं काम. आसंच पायजे." मलाही तेव्हा तसंच वाटायचं. गोणपाटाचा पडदा तिथंही होता आणि मी पडद्याआड सुखात होते.

एकदा कुणीतरी विचारलं की तुमचं कामाचं टेबल कसं आहे, फळी कशात आवळता. मी लिहायला लागले की मी जमिनीवर बसते आणि पायानं धरते. तुम्ही ताडकन उठून बसलात. "ते कावून सांगायचं? हासतील. ल्ही, शिकंजा हाय म्हनून." मी म्हटलं, खोटं लिहू? तर तुम्ही थोडा विचार करून सांगितलंत, "ल्ही, शिकंजा घरचाच हाय, जुना हाय, पन सुटत न्हाई." मी ते तसंच्या तसं लिहिलं आणि आपण दोघं इतके हसलो की आई आतून बघायला आली. तुमचं पोट हलत होतं. त्यानंतर तो माणूस दर थोड्या दिवसांनी विचारायचा, तुमचा तो जुना शिकंजा बरा आहे ना? आणि तुम्ही म्हणायचात, "त्याला सांग, काल काटा मोडलाता, आता बरा हाय." अप्पा, माझ्या सबंध आयुष्यात तुमच्याबरोबरच्या त्या दुपारींइतकं दुसरं काही गोड नाही. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं मी तुमच्यावर चिडणार आहे.

मग न्यूजग्रुपाला उतरती कळा लागली. जाहिरातींचा कचरा यायला लागला, जुनी माणसं एकेक करून गेली, आणि जाताना सांगून गेली की आता सगळे त्या नव्या फोरमवर आहेत, वेबवर, रंगीत, फोटोंसकट. आपल्या खात्यावर ते दिसायचं नाही. परळीत नेट कॅफे निघाला होता. मी तोवर अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायला लागले होते, जाता-येता परळीला उतरायची आणि तासभर बसायची. तिथली रीत वेगळी होती. कुणी लांबलचक लिहिलं की खाली लगेच उत्तर यायचं: फोटो टाका, फोटोशिवाय काम झालंच नाही. एकदा सोमवारी तुम्ही वैजनाथाच्या दर्शनाला आला होतात तेव्हा मी तुम्हाला तिथं बसवलं. तुम्ही चष्मा वर-खाली करून बघितलंत. "हा तर लग्नाचा आल्बम हाय," तुम्ही म्हणालात. "दाखवायलेत सगळे, सांगत कुनीच न्हाई." तुमच्या म्हणण्यातल्या अर्ध्याला माझी मान डोलली, खोटं कशाला बोलू. कसं केलं विचारलं तर तिथं लोक हसरा चेहरा टाकायचे.

पण उरलेल्या अर्ध्याचं काय, अप्पा? न्यूजग्रुपात मला सगळे "मित्रा" म्हणायचे, "साहेब" म्हणायचे. एकानं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं, तुझं शेल्फ बघून बायको खूश झाली असेल. तुम्ही त्यावर पोट धरून हसलात. मी हसले नाही. इतकं खपून शिकलेला तो कुणी परकाच बुवा होता, मी नव्हतेच. जात पुसत नाही, बाई की बुवा कळत नाही, हे तुम्हाला सोयीचं होतं. मला पुसावं, कळावं आणि तरीही काम बघावं, असं हवं होतं. फार मागत होते का मी?

तेवढ्यात आपल्या जुन्या देव्हाऱ्याला वाळवी लागली. आई अन्नपूर्णेची मूर्ती उचलायला गेली आणि खालची फळी भुसकन खाली आली. तुम्ही म्हणालात मिस्त्रींना सांगू. मी म्हणाले, मी करते. मला वाटलं होतं तुम्ही उखडाल. तुम्ही उठून वखारीत गेलात, आणि स्वतः वरच्या, कुणाला दाखवतसुद्धा नव्हतात त्या थप्पीतून सागवान काढलंत. प्रत्येक फळी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलीत. एक फळी बाजूला सारलीत. "देवाला गाठीचं नको." बाकीच्या माझ्या अंगावर दिल्यासारख्या दिल्यात आणि वळलात. तुम्ही दिलेलं मी पुष्कळ काही विसरले असेन, ते सागवान नाही विसरले. जाताना एक सांगून गेलात, "दाराला जागा सोड. वहीच्या पुठ्ठ्याइतकी. आपल्याकडं आठ म्हैने हवा कोरडी, लाकूड गप ऱ्हातंय. श्रावनात फुगतंय." तो कॅनडावालाही न्यूजग्रुपात अगदी हेच सांगायचा.

मी सुट्टीभर मागच्या शेडमध्ये होते. खांब, कमान, दोन झडपांचं दार. मिस्त्रींची पद्धत अशी की कळस सगळ्यात शेवटी बसवायचा. मी आधीच बसवला, कारण कळसाशिवाय फोटोत ते कपाट दिसलं असतं. दारही बसवून झालं होतं, शेवटचा हात तेवढा फिरवायचा राहिला होता. वहिनीच्या हातात दादाचा कॅमेरा दिला. तिनं दोन-तीन फोटो काढले. मी खाली बसलेली, हातात पटाशी, मनगटात बांगड्या, मागे कळस, आणि दाराच्या चौकटीवर दाबून धरलेला माझा उजवा पाय, अंगठा कडेला आवळलेला, पायात जोडवी नाहीत पण पैंजण आहे. रोल परळीला धुतला, त्यातला एक फोटो नेट कॅफेत स्कॅन केला आणि फोरमवर टाकला. नाव घातलं, बाई आहे असं घातलं, बीड जिल्हा घातला, आणि खाली सहीत जुनी दोन अक्षरं ठेवली. सोमवारी देव्हारा बसला. तुम्ही पूजा केलीत, बेल वाहिला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला धरून धरून सांगितलंत, "पोरीनं केलाय. आमच्या पोरीनं." तुमच्या तोंडून ते ऐकलं, अप्पा. कानांनी ऐकलं. म्हणून पुढचं जास्त लागलं.

नेट कॅफेवाला बिचारा भला माणूस. आपल्या भागातल्या ताईचा फोटो परदेशात गेला या कौतुकानं त्यानं तो एका कॉम्प्युटरच्या पडद्यावर कायमचा लावून ठेवला. आणि काका त्याच्याकडे रेल्वेचं काहीतरी बघायला गेले. तुमचे धाकटे भाऊ, आवाज मात्र थोरल्याचा. ते थेट घरी आले. चप्पल काढायच्या आधी बोलायला सुरुवात. "दादा, तुमी काय डोळे मिटून बसलात? वर कळस आन् खाली पाय! पोरीनं देवाच्या घरावर पाय ठिवलाय आन् सगळी परळी बघायलीय!" आई दारात पीठ लागलेल्या हातानं उभी राहिली. काका गेले. सकाळी आंघोळ करून आलात, पिंड, खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, एकेक करून पाटावर ठेवलेत, देव्हारा एकट्यानं उचललात आणि मागे घेऊन गेलात.

मी तुमच्या मागे आले. गोणपाटाच्या पडद्याआड आपण दोघं उभे होतो. मी विचारलं, "मिस्त्री काय हातानं धरतात का? या जिल्ह्यातला एक देव्हारा दाखवा, ज्याला सुताराचा पाय लागला नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक हाय," तुम्ही म्हणालात. "मला न्हाई ठाऊक तर कुनाला? मिस्त्री कळस शेवटी कावून बसवतो? कळस बसला की पाय उचलायचा, म्हनून."

"म्हणजे पाय असतो हे मान्यच आहे ना सगळ्यांना!"

"असतो. पन दिसत न्हाई." तुमचा आवाज चढला नव्हता. "माझ्या आडोशाला तू काय बी केलंस, मी कदी हटकलं? ती तसबीर काढ तिथून. उद्या देव्हारा आत नेतो, मी सोता नेतो."

"नाही काढणार."

"मग ऱ्हाऊ दे इथंच."

एवढंच. तुम्ही गोणपाट सारून गेलात. काढणं सोपं होतं, दोन बटणं दाबायची. आईनं रडून सांगितलं, वहिनी म्हणाली की फोटो तर तिनं काढला होता, पाय कापून दुसरा टाका, कोण बघतंय. सोयरे काय म्हणतील, हेही आलंच. मी नाही काढला. मला माहीत होतं की तो पाय गेला की बांगड्या जातील, बांगड्या गेल्या की नाव जाईल, आणि मी परत कुणाच्या तरी बायकोला खूश करणारा तो बुवा होऊन बसेन. पाय घाणेरडा नाही, अप्पा. त्याच पायांनी तुमच्या वैजनाथाच्या पायऱ्या चढले मी. ज्या अंगठ्यानं ती चौकट न हलता धरली म्हणून दार काटकोनात आलं, तो लपवायचा आणि दाराला नमस्कार करायचा, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. तेव्हा आपण त्या विषयावर बोलतच नव्हतो. फोरमवर त्या फोटोखाली बरंच काही आलं होतं. एकानं लिहिलं की हे धोक्याचं आहे, बोट जाईल. एकानं लिहिलं की बिचाऱ्यांकडे टेबल नाही वाटतं. त्याला मी असं काही झाडलं की तुम्ही ऐकायला हवं होतंत. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, आपल्या कॅनडावाल्याची. तोही तिथं येऊन पोचला होता. त्यानं सहीतली माझी दोन अक्षरं ओळखली होती. त्यानं लिहिलं होतं, "म्हणजे हाच तो घरचा जुना शिकंजा! इतकी वर्षं मी लोखंडाचा समजत होतो. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा." मी कॅफेत एकटीच हसले आणि मग रडले. घरी येऊन तुम्हाला सांगायचं ठरवून आले. तुम्ही पाटासमोर बसून पूजा करत होतात. मी तशीच आत गेले. आज सांगितला नमस्कार, घ्या.

तुम्ही शेवटपर्यंत हटला नाहीत, मीही नाही. बाकी सगळं नीट होतं, जेवण, औषधं, दुखणं-खुपणं, तुमच्या अखेरच्या आजारात मी रजा टाकून बसले होते. फक्त देव पाटावर होते. तुम्हाला वाटायचं मला दिसत नाही, पण तुम्ही शेडमध्ये जायचात हे मला माहीत होतं. खाली विटा घालून देव्हारा वर उचललेला, वाळवी लागू नये म्हणून. कडांना लिंबोळीचं तेल लावलेलं. धूळ पुसलेली, आणि पुसायला तुमचंच जुनं उपरणं, तिथं खुंटीला टांगलेलं. मला कौतुक वाटलं नाही, राग आला. पुसायला हात जात होते आणि आत आणायला जात नव्हते! आडोशाला सगळं करायचं, मायासुद्धा. तुम्ही देव्हाऱ्याला तेच केलंत जे मला करायला लावलं होतंत.

तुम्ही गेलात. वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आन गं तो आत." काका बसलेले होते. ते म्हणाले, "वैनी, आमच्या दादाला पसंत न्हवतं." आईनं इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यावर न येण्याचे तोडगे काढले होते. त्या दिवशी ती पदर खोचून म्हणाली, "भावजी, तुमच्या घरचा देव्हारा मिस्त्रीनं काय दातानं धरून केलता का?" काका चहा न पिता गेले. मी आणि वहिनीनं देव्हारा आणला. आईनं एकेक देव आत ठेवला, खंडोबाचा टाक ठेवताना जरा थांबली, माझ्या पायांकडे बघितलं, आणि खाली वाकायला लागली. मी ओरडले तिच्यावर, म्हटलं, हे नाटक नको. ती म्हणाली, "नाटक न्हाई बाई, खाली बेल पडलाय."

तर आता असं आहे. फोटो गेला, अक्षरं राहिली. चालेल. अक्षरांनी मला बोलायला शिकवलं, फोटोनं मला दिसायला शिकवलं, आणि दोन्हीतलं एकच घे म्हणाल तर घेणार नाही. बंद होण्याआधी मी फोरमवर शेवटचा निरोप टाकला. मोबाईलवर नवा फोटो काढला, देव्हाऱ्यासमोर बसून, पाय पुढे करून. आता या पायाला भेगा आहेत. महिनाअखेरीस तोही पुसला जाईल, जाऊ दे. हे लिहिलेलं मात्र कुठंच टाकणार नाहीये, न्यूजग्रुपातही नाही, तिथं तुम्हाला मराठीतून उत्तर देणारं कुणी नाही.

फक्त एक आहे, आणि ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. दाराला जागा सोडली नव्हती मी. सोडली असती तर फोटोत दोन झडपांच्या मधे काळी रेघ दिसली असती, आणि फोरमवाले अशा रेघेवर नेमकं बोट ठेवायचे. म्हणून गच्च बसवलं. फोटोत ते दार इतकं सुरेख दिसत होतं की सगळ्यांनी आधी त्याचंच कौतुक केलं. आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे दर श्रावणात ते फुगतं. सोमवारी सकाळी बेल-फूल घेऊन बसावं तर दार उघडत नाही, देव आत आणि मी बाहेर. घासून कमी करायला दहा मिनिटं लागतील. मी करत नाही. समोर मांडी घालून बसते, दोन्ही हातांनी कडी धरते, उजवा पाय चौकटीला लावते, अंगठा आवळते आणि ओढते. उघडतं.